हेम्प मिसळलेल्या प्लास्टिकच्या दाण्यातून इलेक्ट्रॉनिक वस्तूंची बॉडी कशी काढावी : पायऱ्या, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचं इंजेक्शन मोल्डिंगचं (वितळलेलं प्लास्टिक दाबाने साच्यात भरून भाग काढण्याचं) छोटं युनिट आहे. वडोदऱ्यात आणि आसपास पोर, वाघोडिया, मंजुसरकडे याच धंद्यात असलेले ओळखीचे लोक बरेच. त्यांच्यातलं कुणी ना कुणी दर पावसाळ्यात एक तुकडा घेऊन येतं : तपकिरी, चांदीच्या रेघा उठलेला, कडेला काळपट, जळक्या गवताचा वास येणारा. गोष्ट प्रत्येकाची सारखीच असते. गिऱ्हाइकाने हेम्पची, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाचा तंतू घातलेल्या प्लास्टिकची, बॉडी मागितली, एक गोणी तयार दाणा मागवला, एबीएस या नेहमीच्या कडक प्लास्टिकचा साचा मशीनवर होताच, तापमानही एबीएसचंच ठेवलं. मग शंभर शॉट (साचा एकदा भरला की एक शॉट) भंगारात.

दाणा वाईट नसतो. क्रम चुकलेला असतो. बहुतेक जण मशीनपासून सुरुवात करतात. सुरुवात वस्तूपासून करायची असते, आणि मशीनपर्यंत पोचायच्या आधी निम्मं काम पाण्याशी झुंजण्याचं असतं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. मधली एखादी गाळलीत तर पुढची तुम्हाला परत मागे पाठवेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. बाजारात ‘हेम्प प्लास्टिक’ म्हणून जे मिळतं, ते जवळपास नेहमीच मिश्रण असतं : मूळ प्लास्टिक पीपी (पॉलिप्रॉपिलीन) किंवा पीएलए (पॉलिलॅक्टिक अॅसिड), आणि त्यात साधारण १० ते ४० टक्के हेम्पचा तंतू किंवा खोडाच्या गाभ्याची पूड. हा लेख त्या मिश्रणाबद्दल आहे.

पायरी १ : वस्तू निवडा, आणि आत किती वीज खेळते ते बघा

नैसर्गिक तंतू जळतो. वर तो मेणबत्तीतल्या वातीसारखं काम करतो : वितळलेलं प्लास्टिक ओढून ज्योतीला पुरवत राहतो. म्हणून पहिला प्रश्न दिसण्याचा नाही, आगीचा आहे.

ऑडिओ, व्हिडिओ आणि संगणकाशी संबंधित उपकरणांसाठी आयईसी ६२३६८-१ हे आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानक चालतं. त्यात वीजस्रोताचे वर्ग आहेत. ढोबळ मानाने १५ वॉटच्या आतला स्रोत पहिल्या वर्गात येतो आणि तिथे आग रोखणारं वेगळं आवरण मागत नाहीत. १०० वॉटपर्यंत दुसरा वर्ग, त्यावर तिसरा. वर जाल तशी आवरणाच्या ज्वलनशीलतेची अट कडक होत जाते.

याचा साधा अर्थ असा. पेन्सिल सेलवर चालणारा रिमोट, माऊस, कीबोर्डचा वरचा भाग, हेडफोनचा स्टँड, मोबाइलचा डॉक, स्पीकरची पुढची जाळी इथून सुरुवात करा. चार्जर, अडॅप्टर, पॉवर बँक, एक्स्टेन्शन बोर्ड यांना पहिल्या वर्षी हात लावू नका. थेट २३० व्होल्टचा भाग ज्याच्यावर टेकतो, तो भाग हेम्पचा करूच नका. ओलावा घेतलेल्या तंतूमुळे इन्सुलेशन घसरतं.

ज्वालारोधक घालून यूएल ९४ या ज्वलनाच्या मानकाची व्ही-० श्रेणी (आग लवकर विझते ती) मिळवता येते, पण ती वेगळी लढाई आहे. अमोनियम पॉलीफॉस्फेट त्यासाठी वापरतात. ते बरंच घालावं लागतं, त्याने भाग ठिसूळ होतो, आणि ते स्वतःही ओलावा धरतं. ब्रोमीनवाले जुने पर्याय, म्हणजे पीबीबी आणि पीबीडीई, ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे ०.१ टक्क्याच्या वर चालत नाहीत.

*तपासणी : वस्तूच्या सर्किटचा कागद मागवा. जास्तीत जास्त वॉट किती आणि आत सर्वांत गरम होणारा भाग किती अंशांपर्यंत जातो, हे दोन आकडे लिहून भिंतीवर लावा. पुढच्या प्रत्येक पायरीला ते लागणार आहेत.*

पायरी २ : मूळ प्लास्टिक ठरवा

इथे लोक भावनेने निर्णय घेतात. ‘बायो’ म्हटलं की पीएलए हवं, असा आग्रह. गिऱ्हाइकाचा असतो आणि पुष्कळदा आपलाही.

पीएलए मका किंवा उसाच्या साखरेपासून होतं ही त्याची मोठी जमेची बाजू. पण ते ५५ ते ६० अंशांना मऊ पडायला लागतं. वडोदऱ्याचा मे महिना आठवा. बाहेर ४२-४३ अंश, बंद गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा हायवेवर उभ्या ट्रकमधल्या खोक्यात त्याहून कितीतरी जास्त. साध्या पीएलएची बॉडी गिऱ्हाइकाच्या हाती पोचायच्या आधीच वाकडी होऊ शकते. साच्यातच स्फटिक बनू दिले तर पीएलए १०० अंशांच्या पुढेही टिकतं. पण त्यासाठी साचा ९० ते ११० अंशांवर ठेवावा लागतो, न्यूक्लिएटिंग एजंट (स्फटिक लवकर बनवणारा पदार्थ) लागतो आणि सायकल टाइम वाढतो. साच्यासाठी गरम तेलाचा किंवा दाबाखालच्या पाण्याचा टेंपरेचर कंट्रोलर नसेल, तर हा रस्ता तुमचा नाही.

पीपी पेट्रोलियमचंच असतं, पण चुका पोटात घालतं. वितळतं १६०-१६५ अंशांना, म्हणजे हेम्प जळायच्या बरंच आधी. पाण्याने त्याची साखळी तुटत नाही. माझं मत विचाराल तर पहिली दोन उत्पादनं ३० टक्के हेम्प आणि पीपीची काढा. हात बसला की पीएलएकडे जा. ज्यांनी उलटं केलं, त्यांच्यातल्या बहुतेकांनी दोन्ही सोडून दिलं.

एबीएस किंवा पॉलीकार्बोनेटमध्ये हेम्प घालायच्या भानगडीत पडू नका. ती प्लास्टिकं ज्या तापमानाला नीट वाहतात, तिथे तंतू करपतो.

सावधान : हेम्पचा तंतू २०० अंशांच्या आसपास बिघडायला लागतो. हा आकडा या लेखात पुन्हा पुन्हा येईल.

पायरी ३ : माल हेम्पचाच आहे ना, याची खात्री करा

ही पायरी लहान आहे, पण इथे फसवणूक फार होते, आणि ती दरवेळी मुद्दाम केलेली असतेच असं नाही. गुजरातीत ‘शण’, आपल्याकडे ‘ताग’, इंग्रजी नावातही शेवटी ‘हेम्प’. असा एक तंतू वेगळ्याच झाडाचा असतो, शेतकरी ज्याचं हिरवळीचं खत करतात त्याचा. अंबाडीचा तंतूही याच नावाखाली फिरतो. आम्हाला एका व्यापाऱ्याने पहिली गोणी दिली ती तागाचीच निघाली. तंतू म्हणून ताग वाईट नाही. पण खोक्यावर हेम्प लिहिलं तर ते खोटं ठरतं, आणि एका मालावर बसवलेली मशीनची सेटिंग दुसऱ्याला लागू पडत नाही.

खरा हेम्प म्हणजे भांगेच्याच जातीचं, नशेचा अंश अगदी कमी असलेलं झाड. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायदा, १९८५ च्या कलम १४ प्रमाणे तंतू आणि बियांसाठी लागवडीला सरकार परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडात अशी परवानगी २०१८ पासून दिली जाते आणि टीएचसीची, म्हणजे नशेच्या घटकाची, मर्यादा ०.३ टक्के आहे. कायद्यातली गांजाची व्याख्या फुलोऱ्याच्या शेंड्यांपुरती आहे, खोडाचा तंतू त्यात येत नाही. तरी कागदाशिवाय माल गोदामात ठेवू नका. वाटेत गाडी अडवली, तर ही व्याख्या ड्रायव्हर समजावून सांगू शकणार नाही.

मागायचे कागद : लागवडीच्या परवान्याची प्रत, लॉटचा टीएचसी अहवाल, बिलावर ‘प्रक्रिया केलेला खोडाचा तंतू’ असा स्पष्ट उल्लेख. आयात असेल तर मूळ देशाचा दाखला. शंका असेल तर चिमूटभर तंतू सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेत टेक्स्टाइलचा स्वतंत्र विभाग आहे, तिथल्या माणसांना विचारायला लाजू नका.

तंतू की गाभ्याची पूड? तंतूने ताकद येते. पूड स्वस्त असते आणि फीडरमधून (माल आत सोडणाऱ्या यंत्रातून) सहज वाहते, पण ताकद देत नाही, जागा भरते. स्टँडसारख्या जाड भागाला पूड चालेल. स्नॅप (वाकून अडकणारी पट्टी) असलेल्या रिमोटला तंतूच हवा, ३ ते ६ मिलिमीटर लांबीचा.

पायरी ४ : साचा तपासा. जुना एबीएसचा साचा जवळपास कधीच चालत नाही

टूलरूमवाल्याशी (साचा करणाऱ्याशी) बोलायच्या आधी हा हिशेब स्वतः करा. एबीएस साधारण ०.५ टक्का आकसतं. १८० मिलिमीटरच्या रिमोटला ते ०.९ मिलिमीटर झालं. ३० टक्के हेम्प घातलेलं पीपी समजा ०.९ टक्के आकसलं, तर १.६ मिलिमीटर. फरक ०.७ मिलिमीटरचा. वरची आणि खालची बॉडी दोन्ही याच मालाच्या असल्यामुळे एकमेकींत छान बसतात आणि साचा ठीक आहे असं वाटतं. मग असेंब्लीत पीसीबी (सर्किट बोर्ड) बसत नाही, रबरी कीपॅडची बटणं भोकांत घासतात, सेलचे पत्रे तिरके होतात. शिवाय तंतू वाहण्याच्या दिशेने निजतो, म्हणून लांबीत आणि रुंदीत आकसणं वेगवेगळं. पुरवठादाराच्या डेटाशीटमधले दोन्ही आकडे मागा. एकच आकडा दिला तर दुसऱ्यासाठी अडून बसा.

साच्यात आणखी काय बघायचं :

गेट, म्हणजे माल साच्यात शिरतो ते तोंड. टाचणीएवढ्या पिन-पॉइंट गेटमध्ये तंतू अडकतो आणि घर्षणाने तिथेच जळतो. एज गेट (कडेचं रुंद तोंड) घ्या, जाडी दीड-दोन मिलिमीटरच्या खाली नको.

व्हेंट, म्हणजे हवा बाहेर जायची चीर. हा माल एबीएसपेक्षा जास्त वाफ सोडतो. प्रवाह जिथे संपतो तिथे ०.०२ ते ०.०३ मिलिमीटरचे व्हेंट हवेतच, नाहीतर कोपऱ्यावर काळा डाग ठरलेला.

पोलाद. गरम झालेल्या तंतूतून आम्लाची वाफ निघते. साच्यांचं साधं पी-२० पोलाद गंजतं, आणि सर्वांत आधी खराब होतो तो पॉलिश केलेला पृष्ठभाग. नवा साचा करत असाल तर कॅव्हिटी (भागाचा आकार देणारी पोकळी) ४२० दर्जाच्या स्टेनलेसची मागा. जुनाच वापरायचा असेल तर प्रत्येक पाळीच्या शेवटी पुसून रस्ट प्रिव्हेंटिव्ह मारण्याची शिस्त लावा.

स्नॅप आणि बॉस (स्क्रू बसतो ती नळी). एबीएसचा स्नॅप वाकतो आणि परत येतो. तंतू घातलेला माल दोन-चार टक्के ताणातच तुटतो. डिझाइनमध्ये ताण एक टक्क्याच्या आसपास ठेवा, स्नॅप लांब आणि मुळाशी गोलाई असलेला करा. बॉसचा बाहेरचा व्यास स्क्रूच्या दुप्पट तरी हवा. सेलचं झाकण पातळ बिजागरीने बॉडीलाच जोडायची कल्पना असेल तर ती आत्ताच सोडा, दहाव्या उघडझापीत तुटेल.

*तपासणी : साच्याला हात लावायच्या आधी जुन्या साच्यावर २० शॉट फक्त मोजमापासाठी काढा. ते २४ तास ठेवून मगच मोजा. गरम भाग मोजून साचा कापून घेतलेले लोक मी पाहिले आहेत.*

पायरी ५ : कंपाउंडिंग. बाहेर देणार असाल तर अटी लिहून द्या

कंपाउंडिंग म्हणजे प्लास्टिक वितळवून त्यात तंतू मिसळून दाणा बनवणं. आपल्यासारखे बहुतेक जण दाणा तयार घेतात किंवा जॉब-वर्कने करून घेतात. जॉब-वर्कवाला रोज टाल्क आणि कॅल्शियमची पूड मिसळण्याचं काम करतो. त्याच सवयीने हेम्प केला तर माल वाया गेलाच. म्हणून चार अटी कागदावर द्या.

पहिली, तंतू आधी वाळवायचा. साध्या हवेत त्यात ८ ते १२ टक्के पाणी असतं. शंभर किलोच्या गोणीत आठ-दहा लिटर! १०० अंशांच्या आसपास वाळवून ते एक टक्क्याच्या खाली आणायचं.

दुसरी, पीपी आणि कपलिंग एजंट मुख्य हॉपरमधून (माल भरायच्या तोंडातून) जाईल आणि तंतू पुढे साइड फीडरमधून, वितळलेल्या मालात. सगळं एकत्र मुख्य हॉपरमध्ये टाकलं की कोरड्या घर्षणात तंतूचा भुगा होतो आणि तुम्ही तंतूचे पैसे देऊन पूड घेता. कपलिंग एजंट म्हणजे मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पीपी, साधारण २ ते ३ टक्के. तो वगळला तर तंतू आणि पीपी एकमेकांना धरत नाहीत, कारण एकाला पाणी आवडतं आणि दुसऱ्याला नाही. तुटलेल्या तुकड्यात तंतू केसांसारखे बाहेर ओढलेले दिसले, तर एजंट कमी पडला असं समजा. पीएलएला मात्र हा पीपीचा एजंट लागू पडत नाही.

तिसरी, यंत्राचे तापवायचे झोन १७० ते १९० अंशांत आणि व्हॅक्यूम व्हेंट चालू. व्हॅक्यूम पंप ‘आज बंद आहे’ असं कानावर आलं तर काम त्या दिवशी थांबवा.

चौथी अट सर्वांत जास्त मोडली जाते : यंत्राच्या तोंडातून, म्हणजे डायमधून, निघणारा मालाचा धागा पाण्याच्या टाकीतून नेऊन थंड करायचा नाही. आत वाळवलेला तंतू बाहेर येताच पुन्हा पाणी पितो. हवेवर थंड करणारा पट्टा किंवा डायच्या तोंडाशी गरम कटिंग हवं. पाण्याची टाकीच असेल, तर धाग्याचा पाण्यातला प्रवास कमीत कमी ठेवा आणि लगेच एअर नाइफ (हवेचा झोत).

हलका, फुललेला तंतू फीडरच्या तोंडाशी कमान धरून अडकतो आणि दाण्यात कधी १५ टक्के, कधी ४० टक्के हेम्प येतो. लॉटच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा मूठभर दाणा वेगळा मागा.

पायरी ६ : वाळवण. घड्याळ बघून वाळवू नका

पावसाळ्यात पापडाचा डबा उघडा राहिला तर काय होतं ते घरोघरी माहीत आहे. हेम्पचा दाणा तसाच सादळतो, आणि सादळलेला दाणा हाताला कळत नाही. पापड निदान वाकतो.

पीपीच्या दाण्यातलं पाणी बॅरलमध्ये, म्हणजे मशीनच्या माल वितळवणाऱ्या नळीत, वाफ होतं आणि भागावर चांदीच्या रेघा, फुगे, आतून पोकळी होऊन बाहेर येतं. चूक डोळ्यांना दिसते, म्हणून सापडते. पीएलएचं तसं नाही. गरम पीएलएमध्ये पाणी त्याची साखळीच तोडतं. भाग बाहेरून नितळ, वजन बरोबर, आणि महिन्याभराने टेबलावरून पडला की बिस्किटासारखा तुटतो. तुम्ही दोष साच्याला देता, डिझाइनला देता, आणि मूळ कारण ड्रायरमध्ये असतं.

लक्ष्य असं ठेवा : हेम्प-पीपीला ०.१ टक्क्याच्या खाली, हेम्प-पीएलएला ०.०२५ टक्क्याच्या खाली.

हेम्प-पीपी ८० ते १०० अंशांवर साधारण चार तास, पीएलए ८० अंशांवर चार ते सहा तास. पण हे तास फक्त सुरुवातीचा अंदाज आहेत. जुलैत विश्वामित्री नदीला पाणी चढलेलं असताना जो दाणा सहा तासांत सुकतो, तोच जानेवारीत तीन तासांत सुकेल. साधा हॉट एअर ड्रायर बाहेरचीच हवा गरम करून आत ढकलतो. पावसाळ्यात ती हवाच ओली, म्हणजे एका मर्यादेपलीकडे दाणा सुकणारच नाही, रात्रभर ठेवलात तरी. हवा आधी कोरडी करणारा, उणे ४० अंश दवबिंदूचा डीह्युमिडिफाइंग ड्रायर महाग वाटतो, पण पीएलएला त्याला पर्याय नाही. पीपीवर काम करताना साध्या ड्रायरने आठ महिने निघतात. जून ते सप्टेंबर निघत नाहीत.

मोजायचं कसं? पीपीला हॅलोजन दिव्याचा मॉइश्चर अॅनालायझर पुरतो. तो नसेल तर जुनी पद्धत : काट्यावर तोललेला दाणा १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा, दर तासाला तोला, दोन वजनं सारखी येईपर्यंत. पीएलएच्या ०.०२५ टक्क्याला ही रीत पोचत नाही. तिथे पाण्याचा सूक्ष्म अंश मोजणारी कार्ल फिशर चाचणी बाहेरून करून घ्या, निदान प्रत्येक लॉटला एकदा.

सावधान : पीएलएचा रिग्राइंड (दळलेलं भंगार) थेट ८० अंशांवर टाकलात तर ड्रायरमध्ये दगड तयार होतो. स्फटिक न झालेला तुकडा ६० अंशांच्या आसपास चिकट होतो आणि सगळं एकमेकांना धरून बसतं. तो आधी ४५-५० अंशांवर सावकाश वाळवा, नाहीतर हलवत ठेवून आधी स्फटिक होऊ द्या.

वाळवलेला दाणा ड्रायरमधून काढून उघड्या घमेल्यात ठेवून मशीनपर्यंत नेणं, ही आमच्याकडच्या कारागिरांची जुनी सवय आहे. ती मोडायला मला दोन पावसाळे लागले. ड्रायर हॉपरवरच बसवा, किंवा झाकणाच्या पिंपातून न्या आणि हॉपरमध्ये अर्ध्या तासापुरताच माल भरा.

पायरी ७ : मशीनवर. कमी तापमान, कमी घर्षण, कमी वेळ

हेम्प-पीपीसाठी सुरुवात अशी करा : बॅरलचा मागचा झोन १६५, मधला १७५, पुढचा १८०, नोझल १८० ते १८५. साचा ४० ते ६० अंश. कुठलाही झोन १९५ च्या वर नको.

आता सर्वांत मोठी चूक. पॅनलवरचं तापमान हे पोलादाचं तापमान असतं, मालाचं नाही. स्क्रूच्या घर्षणाने माल आतून आणखी तापतो. पॅनल १८५ दाखवत असताना माल २०० च्या वर गेलेला असू शकतो. मशीन चालू लयीत आल्यावर एक शॉट हवेत सोडा, लोंद्यात सुईचा थर्मामीटर खुपसा आणि हलवत राहून सर्वांत मोठा आकडा वाचा. तो १९५ च्या वर असेल तर हीटरला हात लावायच्या आधी स्क्रूचा वेग आणि बॅक प्रेशर (स्क्रू मागे येताना त्याच्यावरचा दाब) कमी करा. बॅक प्रेशर ३ ते ५ बार पुरे. रंग नीट मिसळावा म्हणून ते वाढवायचा मोह होतो. वाढवलं की तंतू तुटतो आणि माल तापतो, दोन्ही.

शॉट बॅरलच्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास बसेल असं मशीन निवडा. ४० टन दाबाच्या मशीनवर होणारं काम रिकामं आहे म्हणून १५० टनाच्या मशीनवर टाकलं, तर माल बॅरलमध्ये दहा-दहा मिनिटं शिजतो. पाच-सहा मिनिटांच्या वर तो आत राहू देऊ नका.

शॉर्ट शॉट, म्हणजे अर्धवट भरलेला भाग, आला की ऑपरेटरचा हात आपोआप तापमानाकडे जातो. इथे तो अडवा. आधी इंजेक्शनचा वेग थोडा वाढवा, मग होल्डिंग प्रेशर, मग साच्याचं तापमान, मग गेट तपासा. बॅरलचं तापमान सर्वांत शेवटी, तेही पाच अंशांनी. उलट गेटपाशी पंख्यासारखा तपकिरी डाग आला तर वेग जास्त झाला, तिथे माल घासून जळतो आहे.

जेवणाची सुट्टी हा धोक्याचा अर्धा तास. मशीन भरलेलं सोडून माणसं डबा खायला गेली की परत आल्यावर पहिले पंधरा शॉट काळे, आणि वास सगळ्या शेडमध्ये. पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर साध्या पीपीने पर्ज करा (आतला माल ढकलून काढा), स्क्रू पुढे ठेवून बॅरल रिकामं करा, झोन १५० वर आणा. दिवसाच्या शेवटी हे टाळलं तर करपलेला थर स्क्रूला धरतो आणि पुढच्या आठवड्यात पांढऱ्या मालात काळे ठिपके होऊन निघतो.

रंगाबद्दल गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगा. शुभ्र पांढरा मिळत नाही. नैसर्गिक तपकिरी, ठिपक्यांचा पोत किंवा गडद रंग हेच खरे पर्याय. पांढऱ्याच्या हट्टापायी मास्टरबॅच (रंगाचा दाणा) दुप्पट केलेला भाग राखाडी आणि ठिसूळ निघतो.

*तपासणी : दर तासाला सलग दहा भाग तोला. वजन हलायला लागलं तर फीड अडकते आहे किंवा दाणा ओला झाला आहे. एक भाग हातात घेऊन हुंगा. भाजलेल्या गवताचा वास आला तर तापमान मोजा, मीटर काहीही सांगत असो.*

पायरी ८ : प्रयोगशाळेत जायच्या आधी शेडमध्येच नापास व्हा

लॅबची फी भरून नापास होण्यापेक्षा या चाचण्या आधी करा. पहिलीला फक्त ओव्हन लागतो. आयईसी ६२३६८-१ मध्ये मोल्डिंगचा ताण सुटण्याची चाचणी आहे : आतल्या मोजलेल्या कमाल तापमानापेक्षा १० अंश जास्त, पण ७० च्या खाली नाही, अशा तापमानाला सात तास. पायरी १ मध्ये भिंतीवर लावलेला आकडा इथे लागतो. भाग बाहेर काढा, थंड करा, सपाट काचेवर ठेवा. डगमगला किंवा फट उघडली तर थांबा. स्फटिक न झालेलं पीएलए इथेच पडतं.

मग पाडून बघा. हातात धरायची वस्तू एक मीटरवरून, टेबलावरची ७५ सेंटिमीटरवरून, कठीण लाकडावर, तीनदा, वेगवेगळ्या कोपऱ्यांवर, सेल आणि पीसीबीसकट. रिकामी बॉडी पाडून पास म्हणणं ही स्वतःची फसवणूक आहे.

तिसरी दमटपणाची : ४० अंश आणि ९३ टक्के आर्द्रता. आर्द्रतेचा चेंबर लॅबमध्ये मिळतो. भाग आधी आणि नंतर तोला, मोजा, कापलेल्या कडा बघा. गेट कापलेल्या जागी तंतू उघडा पडतो, पाणी आणि बुरशी तिथूनच शिरतात. ब्लूटूथ किंवा वाय-फायची वस्तू असेल तर दमट झालेल्या बॉडीतच रेंज तपासा. ओलाव्याने बॉडीचा विद्युत गुणधर्म बदलतो आणि अँटेना सूर सोडते. कोरड्या नमुन्यावर हे दिसत नाही.

पायरी ९ : लॅब आणि बीआयएस

वडोदऱ्यात राहण्याचा एक फायदा : मकरपुऱ्यातच इर्डा ही वीज उपकरणांची मोठी चाचणी संस्था आहे. तुमच्या वस्तूला लागणारी नेमकी चाचणी त्यांच्या मान्यतेच्या यादीत आहे का, ते आधी विचारा, मग नमुने द्या.

यूएल ९४ ची पट्टी १२५ बाय १३ मिलिमीटरची असते आणि श्रेणी जाडीसकट मिळते. तीन मिलिमीटरवरची श्रेणी दीड मिलिमीटरच्या बॉडीला लावता येत नाही. तुमच्या भागाची सर्वांत पातळ भिंत मोजा आणि त्याच जाडीची पट्टी द्या. घरगुती उपकरण असेल तर आयईसी ६०३३५ चा बॉल प्रेशर येतो : बाहेरच्या भागांना किमान ७५ अंश, एक तास, पाच मिलिमीटरच्या गोळीचा खळगा दोन मिलिमीटरच्या आत.

अडॅप्टर, पॉवर बँक, मोबाइल, कीबोर्ड अशा वस्तू बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) सक्तीच्या नोंदणीत येतात. जुन्या नोंदणीवर बॉडीचा माल परस्पर बदलू नका. आवरण हा सुरक्षेचा भाग मानला जातो, बदल कळवून नव्याने चाचणी करावी लागते. लोक इथे म्हणतात, “बाहेरून तर तशीच दिसते.” तपासणारा बाहेरून बघत नाही.

पायरी १० : खोक्यावर काय लिहायचं, आणि भंगाराचं काय

हेम्प-पीपी जैवविघटनशील नाही. तसं लिहू नका. ‘३० टक्के हेम्प तंतू, वजनाने’ हे खरं आणि पुरेसं. पीएलएची वस्तूसुद्धा कंपोस्ट होते असं लिहायचं तर आयएस/आयएसओ १७०८८ ची चाचणी आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. २०२४ पासून पर्यावरणाच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांवर ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वंही आहेत, आणि पुरावा दावा करणाऱ्याकडे मागतात.

भागाच्या आतल्या बाजूला साच्यातच खूण कोरा, त्रिकोणातला साधा पीपीचा ५ नव्हे, तर ‘पीपी-एनएफ ३०’, म्हणजे ३० टक्के नैसर्गिक तंतू. साधी खूण असेल तर तो भाग स्वच्छ पीपीच्या भंगारात जाऊन दुसऱ्याचा लॉट खराब करतो.

आपलं स्वतःचं भंगार, म्हणजे रनर आणि स्प्रू (माल साच्यात नेणाऱ्या वाटेत गोठलेले तुकडे), ताजं असतानाच दळा, पुन्हा वाळवा आणि १० ते २० टक्क्यांच्या वर मिसळू नका. प्रत्येक फेरीत तंतू आखूड होतो आणि रंग गडद. काळे पडलेले तुकडे वेगळे काढा, ते परत हॉपरमध्ये जाता कामा नयेत.

आणि प्रत्येक लॉटचे वीस भाग राखून ठेवा, तारीख आणि ड्रायरचे आकडे चिकटवून. आमच्याकडे ते शेडच्या पत्र्याखाली तारेवर टांगलेले असतात : मे महिन्यात कडक उन्हात, आषाढ-श्रावणात ओल्या हवेत. दसऱ्याला मशीनची पूजा झाली की उतरवतो, तोलतो, काचेवर ठेवून बघतो आणि आकडे त्याच वहीत लिहितो.